गौराक्काच्या हातचा लाल

लग्नानंतर माझ्या बायकोची पहिली तक्रार माझ्या जिभेबद्दल होती. तिखटपणाबद्दल नव्हे, ती पुढे यायचीच होती. हा माणूस भर बाजारात उभा राहून कातड्याचा कोपरा दातांनी कुरतडतो आणि जिभेवर धरून डोळे मिटतो, हे तिनं स्वतः पाहिलं. तिच्या माहेरी दोन पिढ्या गिरणीत, कातड्याशी संबंध केव्हाच सुटलेला. त्या रात्री तिनं ताट लांबूनच सरकवलं.

पण दुसरा इलाज नव्हता. झाडाच्या सालीत कमावलेलं कातडं जिभेला तुरट लागतं. कापलेल्या कडेच्या अगदी मध्यावर तुरट लागलं तर साल आतपर्यंत मुरली असं समजायचं. मध्ये नुसतीच चुन्याची चव आली तर कमावणाऱ्यानं घाई केली. असलं कातडं दिसायला नवरदेवासारखं असतं आणि पहिल्या पावसाळ्यात कुजतं. डोळा फसतो, हातसुद्धा फसतो, जीभ फसत नाही. पन्नास वर्षं मी या जिभेवर दुकान चालवलं.

दुकान साताऱ्यात. पुढे फळी आणि मागे चार शिवणारे, एवढाच पसारा. चंच्या, बटवे, पाकिटं, घोड्याचे लगाम, बैलांचे गळपट्टे, सगळं हातशिलाईचं. वडील होते तोवर ते माल आणत आणि मी शिवायला बसे. ते गेल्यावर माल आणायचं माझ्याकडे आलं, आणि तेव्हा मला कळलं की शिवणं हा या धंद्यातला आरामाचा भाग आहे.

आमची ख्याती रंगाची होती. तपकिरी कातडं कुणीही देईल. आमच्याकडे लाल, पिवळं, हिरवं मिळायचं आणि गिऱ्हाईक त्यासाठीच पायऱ्या चढायचं. एक हवालदार सुट्टीवर आला की बायकोसाठी बटवा शिवून घ्यायचा, आणि त्यात त्याच्या पलटणीचे तीन रंग पाहिजेत. वहिनींना आवडतील का, असं मी एकदा विचारलं. "तिला न्हाई इचारलं," तो म्हणाला. "मला झोपंतबी त्येच दिसत्यात." सांगलीकडचे एक जैन शेतकरी बैलांसाठी पिवळे पट्टे न्यायचे. जनावर आपल्या मरणानं मेलेलं ना, हे विचारल्याशिवाय ते घ्यायचे नाहीत आणि मला खोटं सांगवायचं नाही. त्यामुळे बिचारे निम्म्या वेळा रिकाम्या हातानं परत जायचे, पण पुढच्या वर्षी पुन्हा माझ्याकडेच यायचे.

आता हा रंगाचा मामला थोडा समजावून सांगतो. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं दणकट, पण अंगानं तांबूस-काळपट. त्यावर पिवळा रंग चढवा, चिखल होतो. झगझगीत रंग पाहिजे असेल तर कातडं शेळीचं हवं आणि ते तरवडीच्या सालीत कमावलेलं हवं. तरवड म्हणजे ते पिवळ्या फुलांचं झुडूप, माळावर कुणी न लावता येतं. त्याच्या सालीत कातडं जवळजवळ सायीच्या रंगाचं राहतं. मग त्यावर काय हवं ते चढतं. माळ आणि शेळ्या दोन्ही एका जागी म्हणजे जत. म्हणून माझी निम्मी उमर साताऱ्याहून जतला जाण्यात आणि तिथून परत येण्यात गेली.

दुसरी मोठी लढाई सुरू होईपर्यंत रंग जर्मनीहून येत. डब्यातली पूड गरम पाण्यात टाकली की झालं. त्या डब्यांनी आमच्याकडचे जुने रंगवणारे आधीच घरी बसवले होते. लाल रंगासाठी झाडावरची लाख उकळत कोण बसणार? मग लढाई आली आणि डबे बाजारातून गेले. त्याच सुमाराला लष्कराचे ठेकेदार बुटांच्या कातड्यासाठी बाभळीची, तरवडीची, मिळेल ती साल गाड्या भरभरून उचलू लागले. दोन वर्षं आम्ही तपकिरी बटवे विकले. हवालदाराला तीन रंग तपकिरीत कसे दाखवू?

तेव्हा जतच्या बाजारात एकानं मला सांगितलं, की अमुक गावात एक बाई अजून लाखेचा लाल करते. नवरा कमावतो, ती रंगवते. मी त्याच पावली निघालो.

ती गौराक्का. चाळिशीची, उंच, हात कोपरापर्यंत लाल. घराच्या मागे चुन्याचा खड्डा, सालीचे दोन खड्डे आणि सावलीला रंगाची मडकी. नवऱ्याचं नाव मल्लाप्पा. तो शब्द मोजून वापरायचा, त्यातले निम्मे कानडी. मी कड चाखली. मध्यापर्यंत तुरट. मग तिनं लाल कातडं माझ्यापुढे टाकलं. पुडीचा लाल वर बसतो. हा आतून आल्यासारखा होता.

"आन् ह्यो पिवळा बगा," तिनं हळदीचं कातडं पुढे केलं. बाजारात सगळे त्याची वाहवा करत होते म्हणे.

"पिवळा उन्हात महिनाभर टिकायचा नाही," मी म्हणालो.

मल्लाप्पाची मान वर झाली. गौराक्का मात्र हसली. "खरं हाय. ठावं हाय मला. पर तोंडावर सांगनारं तुमीच पयलं गिऱ्हाईक, अण्णा."

त्या दिवसापासून मी तिचा अण्णा झालो, ती माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी असूनही. दीड वर्ष मी तिच्याकडून थोडं थोडं कातडं नेत होतो. तिची पद्धत मी पाहिली आहे, पण मला ती येत नाही. लाख कुटायची, खारात उकळायची, लोधाची साल घालायची, हे कुणीही सांगेल. मडक्यात बोट बुडवून ती "आता" म्हणायची, तो "आता" कसा ओळखायचा ते तिचं तिलाच माहीत. विचारलं तर म्हणायची, "हातालाच कळतंय, अण्णा. मला इचारू नगा."

लढाईच्या चौथ्या वर्षी बेंदराच्या आधी उंब्रजचे एक बागायतदार दुकानात आले. आबासाहेब त्यांचं नाव. गुळानं त्यांना चांगला हात दिला होता. सहा जोड्या बैल, आणि बेंदराच्या मिरवणुकीत बाराही बैलांच्या गळ्यात लाल पट्टा, कपाळावर लाल म्होरकी, पाठीवर लाल गोंड्यांचा साज. "आख्ख्या उंब्रजानं बगितलं पायजे," ते म्हणाले. एवढ्याला चाळीस कातडी लागणार होती. चाळीस कातडी गौराक्कानं एका खेपेला कधी केली नव्हती.

मी तिला सांगायला गेलो तेव्हा मल्लाप्पा बाहेर बसला होता. सांगलीबाहेर लष्करी बुटांचं कातडं करणारा एक कारखाना उघडला होता आणि त्यांचा माणूस त्याला बोलावून गेला होता. दोघांनाही काम, राहायला खोली. मल्लाप्पाचं मन झालं होतं. सालीसाठी ठेकेदारांशी भांडून तो थकला होता.

"ह्यी एक खेप करू या," गौराक्का त्याला म्हणाली, माझ्यासमोरच. "चाळीस कातडी चांगली उतरली तर हितं ऱ्हायाचं. न्हाई उतरली तर तुमी म्हनशीला तिथं येते."

मल्लाप्पा "आगली" म्हणाला. म्हणजे होऊ दे. तिनं त्याला शब्द दिला आणि त्यानं तो घेतला. त्या चाळीस कातड्यांवर तिचं घर, तिचे खड्डे आणि तिची मडकी उभी होती, आणि हे मला नीट माहीत होतं. पुढे जे घडलं त्यात मला माहीत नव्हतं अशी सबब सांगायला जागा नाही.

बेंदूर दहा दिवसांवर आला तेव्हा मी माल आणायला गेलो. चाळीस कातडी सावलीत टांगलेली. आयुष्यात मी तसा देखावा पुन्हा पाहिला नाही. हात लावला तर आंबटओली.

"दोन दिस थांबा," गौराक्का म्हणाली. "सावलीतच वाळू द्यात."

"दोन दिवस कुठले थांबतो? शिवायला आठ दिवस पाहिजेत. तिकडे गेल्यावर पसरतो."

"दमट कातडं बांदू नगा, अण्णा."

मी बांधलं. माझा स्वभाव तेव्हा असा होता की कुणी थांब म्हटलं की पाय जास्त जोरात चालायचे. बायकोला विचारा.

त्या काळात मोटारी पेट्रोलऐवजी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे शेगडीसारखी टाकी, चढ आला की उतारूंनी उतरायचं आणि ढकलायचं. सांगलीला मोटार बदलली तेव्हा टपावर आधीच कुणाचे तरी नांगराचे फाळ होते, नवे कोरे, धार लावलेले. क्लीनरनं माझा गठ्ठा त्यावरच टाकला आणि दोरीनं करकचून आवळला. कऱ्हाडपर्यंत आम्ही चार वेळा उतरलो आणि चार वेळा ढकललं. फाळ उंब्रजला उतरवायचे होते. ते काढता यावेत म्हणून गठ्ठा वर उचलून धरायला टपावर कोण चढलं? मीच. हात काळे झाले, ते धोतराला पुसले, खाली येऊन चहा प्यायलो.

साताऱ्यात दुसऱ्या दिवशी दुपारी गठ्ठा सोडला. वरची काही कातडी उघडली, सुंदर. मग खाली काळे डाग. हाताएवढे, शाईसारखे, ऐन मध्यभागी. एक, दोन, दहा, सतरा. सालीत कमावलेल्या ओल्या कातड्याला लोखंड लागलं की ते काळं पडतं, हे आमच्या धंद्यातलं पहिलं अक्षर. काळं कातडं करायचं तर आम्ही मुद्दाम गंजके खिळे गुळाच्या पाण्यात सडवतो आणि ते पाणी फासतो. त्यामुळे डाग कशाचे हे मला एका क्षणात कळलं. लोखंड कुठून आलं, हा प्रश्न मी विचारलाच नाही. तिच्या मडक्यातून आलं, दुसरं काय? चाळीस कातड्यांची घाई, कुठेतरी बादलीतलं पाणी घातलं असणार.

मी तिथेच फळीवर बसून कार्ड लिहिलं. पाकीट नाही, उघडं कार्ड. 'रंगात लोखंड गेले. माल नासला. तुमचा हात राहिला नाही असे आम्ही समजतो. पुढे माल पाठवू नये.' सही ठोकली आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं. ते कार्ड त्या गावात शाळेचे मास्तर वाचणार आणि चावडीपुढे चारचौघांत वाचणार, हेही मला माहीत होतं. गौराक्काला वाचता येत नव्हतं.

उरलेल्या तेवीस कातड्यांत बाराही बैल एकसारखे सजणार नव्हते, म्हणून आबासाहेबांच्या बैलांना तपकिरी पट्टे आणि लाल कापडाचे गोंडे असं काहीतरी करून दिलं. त्यांनी ते घातले. पण पुढे ज्या ज्या माणसाला भेटले त्याला माझ्या दुकानाचं नाव घेऊन सांगितलं, आणि ते योग्यच होतं.

दोन महिन्यांनी आमचा सर्वांत जुना शिवणारा, तुकामामा, डागाळलेली कातडी घेऊन बसला. डाग सोडून कडेच्या तुकड्यांचे बटवे निघतात का बघत होता. काटकसरी माणूस. कसं कापायचं याचा हिशेब करायला त्यानं सतरा कातडी जुन्या घड्यांवर घडी घालून एकावर एक रचली, जशी गठ्ठ्यात होती तशी. मग त्यानं मला हाक मारली.

"हिकडं या जरा. ह्ये काय दिसतंय तुमाला?"

रचलेल्या घड्यांमधून डाग एकाखाली एक आले होते. सर्वांत खाली गडद, वर वर फिकट. आणि खालच्या डागाला आकार होता. एका बाजूला रुंद, एका बाजूला निमुळता, टोकदार.

"मी शेतकऱ्याच्या घरचा न्हाई," तुकामामा म्हणाला, "पर ह्यो फाळ हाय. तुमी गठ्ठा कशावर ठिवला हुता?"

मला टप आठवला. धोतराला पुसलेले हात आठवले. मी त्यातलं एक कातडं गुंडाळून घेतलं. कोट घातला आणि मोटारीच्या थांब्यावर गेलो. पुन्हा कार्ड लिहावं असं एकदा मनात आलं, पण त्या हातानं पुन्हा कार्ड लिहायची मला लाज वाटली.

गावात पोचलो तर खड्डे कोरडे. दाराला कडी. मागे मडक्यांच्या खापऱ्यांचा ढीग, आतून लाल. शेजारच्या घरातून गौराक्काची धाकटी जाऊ बाहेर आली. मला तिनं ओळखलं आणि बस म्हणाली नाही.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. फाळ, टप, गठ्ठा. चूक माझी, तिची नाही. आणि गावालाही सांगायला आलोय, मी म्हणालो, कार्ड ऐकलं त्या सगळ्यांना.

"गावाला काय सांगताय?" ती म्हणाली. "गाव त्याच दिशी म्हनलं, सातारकर लबाड हाय. भाव पाडाया लिवलंय. मास्तरबी म्हनले. माझा धाकला दीर म्हनला, साताऱ्याला जाऊन इचारतो त्याला. समदी तिच्याच बाजूनं हुती."

"मग?"

"तीच एकटी तुमच्या बाजूनं. म्हनली, त्यो मानूस खोटं बोलायचा न्हाई. माझा पिवळा टिकत न्हाई म्हून तोंडावर सांगितलं हुतं त्येनं. त्यो म्हनतोय तर माझाच हात गेला. चार दिस घरातलं लोखंड हुडकत बसली. हिरीवर नवी बादली आली हुती, तिच्यावर खापर फोडलं. मग मडकी फोडली." तिनं खापऱ्यांकडे हात केला. "सोताच्या हातानं. आन् म्हनली नवऱ्याला, चला."

मी तिथेच पायरीवर बसलो. आयुष्यात लोकांनी मला लबाड म्हटलं आहे, ते मी सहन केलं. एका माणसानं मला खरं मानलं, ते सहन करणं त्या दिवशी फार जड गेलं.

ते परत आले नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. मल्लाप्पानं नोकरी धरली होती आणि सालीचं भांडण त्याला पुन्हा नको होतं, यात त्याची काही चूक नाही. लढाई संपली, पुडीचे डबे पुन्हा आले, मीही ते विकत घेतले आणि त्यांच्यावर चाळीस वर्षं काढली. लाखेचा तो लाल मला पुन्हा कुठेच मिळाला नाही. नव्या शिवणाऱ्यांना सांगितलं तर त्यांना वाटायचं, म्हातारा जुनं ते सोनं म्हणतोय.

पण त्या दिवशी मी गावातून सरळ सांगलीला गेलो. डागाळलेलं एक कातडं बरोबर होतं. कारखान्याबाहेर पत्र्याच्या खोल्या, त्यातल्या एकीच्या दारात गौराक्का भांडी घासत होती. तिथे सालीचं काम नव्हतं, औषधाचं होतं, आणि ओलं कातडं निळं निघायचं. तिचे हात कोपरापर्यंत निळसर राखाडी झाले होते. मला बघून ती उठली, हात पदराखाली घेतले आणि म्हणाली, "बसा, अण्णा. तुमचा लय तोटा झाला माझ्यापायी."

मी सांगितलं. वाटेत चार प्रकारे जुळवलेलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही. नुसतं सांगितलं, फाळावर मीच ठेवलं, थांब म्हणालीस तर थांबलो नाही, न बघता कार्ड लिहिलं.

तिनं कातडं हातात घेतलं. कड जिभेला लावली. डागावरून बोट फिरवलं. मग आतून अर्धं लिंबू आणलं आणि डागावर चोळायला लागली, भांडं घासावं तसं, बराच वेळ. काळं फिकट होत गेलं. पुरतं गेलं नाही, दोन महिने मुरलेलं होतं. पण खालून लाल दिसायला लागला.

"ताजं असतं तर निगून गेलं असतं," ती म्हणाली. "लिंबानं जातंय, अण्णा. इचारायला यायचं हुतं."

हे मला माहीत नव्हतं. पन्नास वर्षांचा जाणकार मी, त्यातली चाळीसच्या वर तेव्हा व्हायची होती म्हणा, पण माहीत नव्हतं. कार्डाऐवजी मोटार धरली असती तर पाच-पंचवीस लिंबांत सगळं निभावलं असतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

ती मात्र कातड्याकडेच बघत होती. "मंजी रंगात लोखंड गेलं न्हवतं?"

"नव्हतं."

"हिरीच्या बादलीचं?"

"नाही, अक्का. तुझ्या मडक्यात काही गेलं नव्हतं. तुझा हात गेला नाही."

तिनं आत वळून नवऱ्याला हाक मारली. पाळी संपवून आलेला मल्लाप्पा डोळे चोळत बाहेर आला. हाकेनं शेजारच्या खोल्यांतल्या दोन-तीन बाया दारात उभ्या राहिल्या. गौराक्कानं ते कातडं सगळ्यांना दिसेल असं दोन्ही हातांनी धरलं. निळे हात आता तिनं लपवले नाहीत.

"आता ह्यांच्याम्होरं म्हना, अण्णा," ती मला म्हणाली. "काय म्हनलासा त्ये."

मी म्हणालो, गौराक्काचा हात गेला नाही, चूक माझी होती.

"परत म्हना."

मी परत म्हणालो.